बाळगोंडाची भक्ती

गुणमालाचे नेम गावात सगळ्यांना ठाऊक होते आणि तिच्या नवऱ्याला तर तोंडपाठ होते. पहाटे उठल्यापासून बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, जाऊन पार्श्वनाथाचं दर्शन घेईपर्यंत तिचं मौन असे. दर्शनाआधी पाण्याचा घोटही नाही, आणि पाणी प्यायचं तेही दुहेरी फडक्यातून गाळून. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं. अष्टमी-चतुर्दशीला उपास. कंदमूळ घरात यायचं नाही, मध तर नावालाही नाही. या सगळ्या नेमांत आवाज चढवायची सोय कुठंच नव्हती. त्यामुळं लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिचा आवाज कधी परसातून रस्त्यापर्यंत पोचला नव्हता.

बाळगोंडा चारचौघांत सांगायचा, "आमच्या घरात भांडान झालं की शेजाऱ्यांना माझंच तेवढं ऐकू येतंय. लोक म्हणत्यात, ह्यो गडी येकटाच कुणाशी भांडतोय?"

यावर सगळे हसत. गुणमालाही पदराआड हसे. बोलण्यात नवऱ्यापुढं आपला टिकाव लागत नाही, हे तिनं कधीच मान्य करून टाकलं होतं.

बाळगोंडा पैलवान होता. कृष्णाकाठी ऊस आणि हळदीचं रान, गोठ्यात दोन बैल आणि एक म्हैस. पण त्याचा जीव गुंतला होता तो तालमीत. पहाटे लाल मातीत घुमायचं, अंगाला लागलेली माती वाळेस्तोवर जोर-बैठका काढायच्या आणि मग नदीत उडी टाकायची. मोठी लढाई सुरू झाल्यापासून तालमीतली निम्मी पोरं पलटणीत भरती झाली होती. राहिलेल्यांत नाव घ्यावं असा हा एकच. केरबा वस्तादाची सगळी भिस्त त्याच्यावर.

पौषात बाळगोंडाला पडसं झालं. नाक गळतंय, डोळे चुरचुरतायत, घसा धरलाय. गुणमालानं म्हटलं, चार दिवस घरी राहा. केरबा वस्ताद म्हणाले, "घाम काढ गड्या, पडसं पळून जातंय बघ." बाळगोंडानं वस्तादाचं ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, रोजच्यापेक्षा दुप्पट ऐकलं. अंगात कणकण असताना जोर काढले, घामाघूम अंगानं पौषातल्या नदीत उडी मारली आणि दात वाजवत घरी आला. पडसं खरंच नाकातून पळालं. पळालं ते छातीत जाऊन बसलं.

मग ताप, मग बरगडीत कळ. श्वास घेताना तो डोळे मिटून घ्यायला लागला तेव्हा गुणमालानं गाडी जुंपायला लावली, त्याला दोन घोंगड्यांत गुंडाळलं आणि मिरजेला नेलं. तिथं बरेच दिवस काढावे लागले. घरी पाठवताना डॉक्टरांनी नळ्या कानाला लावून पुन्हा एकदा त्याची छाती-पाठ तपासली आणि मग बाळगोंडाशी न बोलता गुणमालाकडं वळून बोलले.

"पडसं नाकात होतं तोवर थोडी हालचाल चालली असती. ते छातीत उतरलं, ताप आला, तरी यांनी अंग मोडून मेहनत केली. आता ताप गेला, पण छातीतली खरखर गेलेली नाही. ती आहे तोवर हळूहळू चालायचं, दम लागायच्या आत थांबायचं. तालीम बंद. दुखणं उलटलं तर माझ्या हातात काय राहील, मला सांगता येत नाही."

हे शेवटचं वाक्य गुणमाला मिरजेहून घरी येईपर्यंत मनात घोळवत होती. बाळगोंडा गाडीत पडल्या पडल्या म्हणाला, "डॉक्टर माणूस बरा. पर बोलतोय लई."

घरी त्याची बाज सोप्यात उन्हाच्या तिरपीला टाकली. गळ्याला लोकरी मफलर, अंगावर घोंगडी. अडुळशाचा काढा दिवसातून दोनदा. आलं चालत नाही म्हणून त्यात सुंठ, मध चालत नाही म्हणून गूळ. काढा प्यायल्यावर बाळगोंडा असं तोंड करायचा की गोठ्यातल्या म्हशीनंही मान वळवावी. आठवडाभर त्याला हे राजेपण आवडलं. मग अंगात थोडी ताकद आली आणि त्याच्या हातापायांना खाज सुटली.

एकदा गुणमाला परसातून आली तर हा न्हाणीपाशी उभा. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेलं तांब्याचं घंगाळ. खाली ठेवतोय, वर उचलतोय.

"आवं, काय करतासा?"

"न्हाई... घंगाळाखाली झुरळ गेल्यावानी वाटलं."

"असू दे की. जीव हाय त्याला. मारू नका."

"मारतोय कुठं? बघतोय."

"कितींदा बघायचं?" गुणमाला म्हणाली आणि घंगाळाची एक कडी धरून उभी राहिली. ती उभी राहिल्यावर घंगाळ वर जाईना.

दुसऱ्या दिवशी जात्याची वरची तळी भिंतीला टेकवलेली सापडली. बाळगोंडा म्हणाला, जात्याचा खुंटा ढिला झालाय का ते बघत होतो. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो बोलता बोलता तोंडावर मूठ धरून खोकत होता. गुणमालानं जातं जुळवलं आणि त्या दिवसापासून दळायला बसायची जागाच बदलली. आता जातं ओट्यावर, तिच्या डोळ्यांसमोर.

तशात केरबा वस्ताद आले. पांढऱ्या मिशा, एक कान कुस्तीत चुरगाळून गेलेला. बाजेशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "फाल्गुनात जत्रा. रहिमतपूरचा हरिबा येतोय. पंचांनी जोड लावलीय तुझ्यासंगं. काय सांगू त्यांस्नी?"

बाळगोंडा उठून बसला. गुणमालानं हळदीचं दूध वस्तादांपुढं ठेवलं आणि हळूच म्हणाली, "मामा, डॉक्टर न्हाई म्हणालेत."

"डॉक्टर काय मातीत उतरलाय का कवा, वैनी?"

"न्हाई. पर तुमी तरी ह्यांच्या छातीला कान लावलाय का कवा?"

वस्तादांनी दुधाचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ तो खाली घेतला नाही. बाळगोंडा म्हणाला, "गावात दुसरं कोण हाय सांग की. समदी पलटणीत. मी न्हाई उतरलो तर हरिबा रिकाम्या आखाड्यात शड्डू ठोकून जाणार." हे तो गुणमालाला म्हणाला, पण बघत होता वस्तादांकडं. जाताना वस्ताद दारात थांबून त्याच्याशी काहीतरी पुटपुटले. ते गुणमालाला ऐकू आलं नाही.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी बाळगोंडा अगदी नरम आवाजात म्हणाला, "अगं, ह्या दुखण्यात मला एक कळलं बघ."

"काय?"

"जन्मभर मातीला नमस्कार केला, देवाला कधी केलाच न्हाई. तू एवढं नेम करतीस. मी नुसता तुझ्या पुण्यावर जगलो. उद्यापास्नं मी पहाटं बस्तीत जाणार."

गुणमालाच्या हातातली परात तशीच राहिली. इतकी वर्षं तिनं त्याच्यामागं लागायचं सोडून दिलं होतं. पर्युषणात तो बस्तीत यायचा तो खांबाला टेकून पेंगायला. "पहाटं लई गार असतंय," एवढंच ती म्हणाली, कारण त्याहून जास्त बोलली असती तर रडली असती.

"मफलर गुंडाळतो की. आनि बस्ती काय नदी न्हवं. चालत जायचं, चालत यायचं. चाला म्हणालाय न्हवं का डॉक्टर?"

हेही खरं होतं. मग रोज पहाटे बाळगोंडा मफलर गुंडाळून निघू लागला. गुणमालाचं तेव्हा मौन. ती नुसती मान हलवे आणि तो गेल्यावर चूल पेटवे. तो परत आल्यावर, घरचं आवरून, तिची बस्तीत जायची पाळी. तो यायचा तेव्हा तोंड तजेलदार, डोळे चमकणारे, आणि सदरा पाठीला चिकटलेला. तिनं बोटानं पाठ दाखवून खूण केली की म्हणायचा, "धुकं. लई धुकं पडतंय औंदा."

तिनं धुकं मानलं. मानायला काही जड गेलं नाही.

गावात बोलवा झाली. शेजारची रंगूबाई विहिरीवर म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला काय झालंय गं? बस्तीतले उपाध्ये सांगत हुते, असे साष्टांग नमस्कार हयातीत बघितले न्हाईत म्हणं. येका मागं येक, येका मागं येक. म्हाताऱ्याच्या डोळ्याला पाणी येतंय बघताना."

"दुखण्यातनं उठलेत न्हवं," गुणमाला खालमानेनं म्हणाली. "देवानं हात दिला, ते विसरले न्हाईत."

"दुखणं आमच्याकडंबी आलं हुतं. आमचा गडी बरा झाला तसा बिडी वढत बसला."

गुणमालानं घागर कमरेवर घेतली आणि घरी आली. त्या दिवशी तिची चाल जरा वेगळी होती, ते तिचं तिलाच जाणवलं. गर्व झाला म्हणून तिनं जपाची एक माळ जास्त ओढली. माळ ओढताना मात्र मणी पुढं सरकत होते आणि मन विहिरीवर रंगूबाईपाशी होतं, उपाध्ये आणखी काय म्हणाले असतील ते विचारत.

एवढ्या आनंदात एकच खडा लागत होता. बाळगोंडाचा खोकला कमी व्हायच्या ऐवजी दुपारी-दुपारी वाढत होता. जेवून बाजेवर पडला की छातीतून जात्यासारखी घरघर येई. गुणमाला काढ्यात सुंठ वाढवी. धुक्यातून जातायत त्यानं होत असेल, पण देवाच्या वाटेवरचं धुकं, ते बाधणार नाही, अशी स्वतःची समजूत घाली. तरी मिरजेच्या डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मधूनच डोकं वर काढी.

माघ सरत आला होता. एका पहाटे बाळगोंडा मफलर विसरून गेला. तो खुंटीवर लोंबताना दिसला तशी गुणमाला चूल तशीच टाकून निघाली. तोंडानं मौन, हातात मफलर.

बस्तीच्या पायऱ्यांवर कुणीतरी बसलेलं होतं. जवळ गेल्यावर दिसलं, केरबा वस्ताद. वस्ताद आयुष्यात कधी बस्तीकडं फिरकले नव्हते. पायताण बाजूला काढून ठेवलेलं, पाठ दाराच्या चौकटीला, तोंड आत वळलेलं. गुणमालाची चाहूल त्यांना लागली नाही. ते आतल्या अंधाराकडं बघत हळू आवाजात म्हणत होते, "कोपर आत घे. कंबर खाली सोड. आता छाती फिरव... हां."

गुणमाला भिंतीच्या आडून डोकावली.

समईच्या उजेडात गाभाऱ्यापुढं बाळगोंडा उघड्या अंगानं जोर काढत होता. जोरच ते, दुसरं काही नाही. हात फरशीवर, अंग मागनं पुढं घासत जातंय, छाती जमिनीला लागता लागता वर उसळतेय. फरक एवढाच की प्रत्येक वेळी डोकं वर आलं की तोंडातून "णमो अरिहंताणं" निघत होतं, तेही अर्धं, दम लागल्यामुळं. बाजूला म्हातारे उपाध्ये जपमाळ धरून बसले होते. प्रत्येक जोराला एक मणी ओढत होते आणि उपरण्यानं डोळे टिपत होते.

बाळगोंडा उभा राहिला आणि त्यानं बैठका सुरू केल्या. उपाध्यांनी त्यालाही मणी ओढले.

गुणमालाच्या जागी दुसरी कुणी असती तर अख्खी बस्ती दणाणली असती. पण दर्शन झालेलं नव्हतं आणि दर्शनाला गाभाऱ्यापुढं जावं तर वाटेत हा डोंगर उठतोय-बसतोय. ती मफलर आवळून धरून उभी राहिली. रागाच्या खालून हसूही येत होतं, आणि त्याची तिला जास्त लाज वाटली. बाळगोंडा थांबला आणि खांबाला धरून खोकायला लागला. खोकला संपेना. वस्ताद उठून अर्धे आत गेले. उपाध्ये म्हणाले, "पुरे, पुरे, पाटील. देवालाही दया येते हो." बाळगोंडानं हातानंच "झालं, झालं" अशी खूण केली आणि पुन्हा खाली वाकला.

तिचं हसू तिथंच गेलं.

ती आल्या पावली परतली. बाळगोंडा घरी आला तेव्हा मफलर खुंटीवरच होता. तो म्हणाला, "लई धुकं." तिनं मान हलवली.

त्या दिवशी ती बस्तीत जरा जास्त वेळ बसली. दर्शन झाल्यावर मौन सुटलं, तरी तिला काय बोलावं कळेना. त्याला समोरासमोर बोललं तर तो असं काही बोलेल की तिला हसू येईल. हसलं की गेलं सगळं. उपाध्यांना सांगावं तर म्हाताऱ्याचा जीव तुटेल. वस्तादांना सांगावं तर ते दूध पीत बसतील. पार्श्वनाथ नेहमीसारखा शांत होता. गुणमाला त्याच्या त्या न हलणाऱ्या अंगाकडं बघत राहिली. बघता बघता तिला सुचलं.

दोनच दिवसांनी अष्टमी आली. बस्तीत अभिषेकाला बरीच माणसं. पुरुष उजवीकडं, बायका डावीकडं. अभिषेक झाला, सगळ्यांनी गंधोदक कपाळाला लावलं. उपाध्ये बाळगोंडाकडं बघून भरल्या आवाजात म्हणाले, "भक्ती पाहायची तर या आमच्या पाटलांची पाहा. दुखण्यातून उठलेलं शरीर, पण नमस्कारात खंड नाही." बाळगोंडानं नम्रपणे जमिनीकडं बघितलं. ते त्याला झकास जमलं.

बायकांच्या बाजूनं गुणमाला एक पाऊल पुढं आली. तिचा आवाज तो, माणसं आपोआप गप्प झाली ऐकायला.

"उपाध्येआण्णा, एक मागणं हाय. ह्यांची भक्ती नमस्कारात मावंना झालीय. घरी सांगत असत्यात, अजून काय करू, अजून काय करू. तर त्यांस्नी कायोत्सर्गाचा नेम द्यावा."

बाळगोंडानं झटकन वर बघितलं.

"वा!" उपाध्ये उभेच राहिले. "नमस्काराच्या पुढची पायरी. देहाचा विसर पाडायचा. हात मोकळे सोडून उभं राहायचं, डोळ्याची पापणीसुद्धा हलवायची नाही. एका णमोकार मंत्राला तीन श्वास, सावकाश. असे नऊ णमोकार. पाटील, घेता नेम?"

"मला... जमंल का?"

"जमंल की," गुणमाला म्हणाली. "एवढे नमस्कार जमत्यात. ह्यात तर नुसतं उभं ऱ्हायाचं."

"आनि नमस्कार?"

"नेम चालू हाय तवर नमस्कार एकच, देवापुढं डोकं टेकवायचा. दोन दोन नेम एकदम घेतले की एकबी नीट हुईत न्हाई. हो न्हवं, आण्णा?"

उपाध्यांनी मान डोलावली. सगळं गाव बघत होतं. पुरुषांमधून कुणीतरी हळूच म्हणालं, "उभा ऱ्हा गड्या, आमच्या गावाला बाहुबली न्हवताच." खसखस पिकली. बाळगोंडानं गुणमालाकडं एक नजर टाकली, आणि तिनं ती नजर अगदी भोळेपणानं झेलली. त्यानं सदरा नीट केला, पावलांत चार बोटांचं अंतर ठेवलं, हात सोडले आणि उभा राहिला.

बस्तीत शांतता झाली. इतकी की बाहेरच्या पिंपळावरची चिमणी ऐकू यावी.

पहिला णमोकार पार पडला. दुसऱ्याला श्वास आत गेला आणि मध्येच कुठंतरी अडखळला. आत गेलेला श्वास तळापर्यंत पोचत नव्हता. जिथून तो वळत होता तिथं काहीतरी फाटक्या पंख्यासारखं फडफडत होतं. जोर काढताना दम लागायचा, फुरफुरायला व्हायचं, त्या आवाजात हे त्याला कधी ऐकू आलं नव्हतं. आता ऐकू आलं. त्याला आलं आणि सगळ्या बस्तीला आलं. तिसऱ्याला खोकल्याची उबळ आली. तो थांबला, ओशाळून म्हणाला, "पुन्यांदा करतो." पुन्हा उभा राहिला. पुन्हा तिथंच. बघणाऱ्यांतलं हसू विरून गेलं. तिसऱ्यांदा तो उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. तोही प्रयत्न चौथ्या णमोकारापाशी मोडला आणि तो खांब धरून खाली बसला.

गुणमालाला वाटलं होतं, त्याची जिरली की बरं वाटेल. बरं वाटलं नाही. तिनं बायकांची बाजू सोडली, सगळ्यांदेखत पुरुषांच्या बाजूला गेली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. असं तिनं कधी केलं नव्हतं.

घरी जायला दोघं बस्तीच्या पायऱ्या उतरली. मग बाळगोंडा म्हणाला, "तुला ठाव हुतं."

"मफलर द्यायला आले हुते."

"मग बोलली का न्हाईस?"

"मौन हुतं."

"आनि मागनं?"

"मागनं तुमी हसवलं असतं मला."

तो हसला नाही. दहा पावलं गेल्यावर म्हणाला, "छाती लई वाजत हुती का गं?"

"बायकांच्या बाजूला ऐकू येत हुती."

"मला वाटलं, ताकद आली म्हंजे झालं," तो म्हणाला. मग धाप लागायच्या आधीच थांबून जरा उभा राहिला. गुणमालाही उभी राहिली. दम लागायच्या आत थांबायचं, हे मिरजेहून आल्यापासून त्यानं पहिल्यांदाच केलं.

संध्याकाळी केरबा वस्ताद आले ते मान खाली घालूनच. बस्तीतली हकीकत त्यांच्यापर्यंत गेली होती. बाळगोंडानं सदरा वर केला. "वस्ताद, कान लावा."

वस्तादांनी आधी गुणमालाकडं बघितलं, मग आपला चुरगाळलेला कान टाळून चांगला कान त्याच्या पाठीला लावला. बराच वेळ लावला. उठले तेव्हा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "फाटक्या मोटंवानी वाजतंय रं. पानी वर यायचंच न्हाई. मी म्हातारा झालो, मला हे कळाय पायजे हुतं." गुणमालानं दूध आणलं. या वेळी त्यांनी ते घेतलं नाही. म्हणाले, "पंचांस्नी मी सांगतो, औंदा जोड न्हाई."

"तुमी नगासा सांगू," बाळगोंडा म्हणाला. "माझं मी सांगतो. जत्रंत, आखाड्यात जाऊन."

गुणमाला दचकली. आखाड्यात जाऊन म्हणजे हलगीच्या समोर. हलगी वाजली की या माणसाचे हात कपड्याकडं जातात, हे तिला ठाऊक होतं. पण आता त्याचं त्यानंच ठरवायला हवं होतं.

मधल्या दिवसांत बाळगोंडा रोज पहाटे बस्तीत उभा राहायचा. गुणमाला बरोबर जायची, बोलायची नाही. गावातली पोरं त्याला बाहुबली म्हणू लागली; तपाला उभा राहिलेल्या बाहुबलीच्या अंगावर वेली चढल्या होत्या. तो म्हणायचा, "वेली तेवढ्या अंगावर चढायच्या ऱ्हायल्यात." पाच णमोकारांपर्यंत गाडी आली, मग सहा. बस्तीपासून नदीपर्यंत चालणं, परत येणं. दुपारची घरघर कमी झाली. उपाध्ये मात्र एकदा गुणमालाला कानात म्हणाले, "बाई, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं हो. मीही तरुणपणी जोर काढलेत. पण म्हटलं, जोराला का होईना, माणूस देवापुढं येतोय तर मणी ओढावेत." गुणमाला त्यांच्याकडं बघतच राहिली. म्हणजे ते डोळे टिपत होते ते कशानं, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही.

जत्रेच्या दिवशी जेवून बाळगोंडा मफलर गुंडाळून गेला. आखाड्याकडं बायका जात नाहीत. गुणमाला घरी राहिली. हलगीचा आवाज थेट सोप्यापर्यंत येत होता. ती शेंगा फोडायला बसली. हलगी चढली की तिचे हात थांबत, उतरली की पुन्हा चालू. एकदा मोठा गलका झाला आणि तिच्या मांडीवरचं सूप कलंडलं. शेंगा पसरल्या, त्या गोळा करायचंही तिला सुचेना. उठून दारापर्यंत गेली, परत आली.

उन्हं कलायच्या सुमाराला तो आला. एकटाच, सावकाश चालत. मफलर गळ्यात होता. पण कपाळावर लाल मातीचा ठसठशीत पट्टा.

गुणमाला चौकटीला धरून उभी राहिली. तिच्या तोंडून शब्द फुटेना. मौन संपून कितीतरी वेळ झाला होता.

"आगं, माझी न्हवं ती," बाळगोंडा घाईनं म्हणाला. "हरिबानं लावली."

"का?"

"आखाड्यात गेलो. हलगी थांबवाय लावली. म्हणलं, मंडळी, माझ्या छातीत अजून दुखणं हाय, मी औंदा लढत न्हाई. पळून चाललो न्हाई, ह्यो हितं उभा हाय. हल्ली मला उभंच तेवढं ऱ्हाता येतंय."

"मग?"

"मग लोक हसले. हरिबा न्हाई हसला. त्यानं वाकून माती उचलली आनि मला लावली. त्याचा भाऊ असाच गेला म्हणं, तापात कुस्ती करून." तो पायरीवर बसला, उपरण्यानं तोंड पुसलं, पण कपाळ सोडून. "दोन पैलवानांएवढा गडी हाय गं त्यो. मी उतरलो असतो तर उचलूनच ठेवला असता मला."

गुणमाला खाली बसली आणि पसरलेल्या शेंगा गोळा करू लागली. एकेक शेंग ती निवडून उचलत होती.

"त्यानं इचारलं, पुढच्या वर्साला येणार का म्हणून," बाळगोंडा म्हणाला.

"मग काय म्हणालासा?"

"म्हणलं, घरी इचारून सांगतो."

"मग?"

"मग इचारतोय की."

"आधी मिरजेला जाऊ. डॉक्टर काय म्हणत्यात बघू."

"आनि डॉक्टर व्हय म्हणाला तर?"

गुणमालानं शेंगा सुपात भरल्या, सूप उचललं आणि ती आत निघाली. उंबऱ्यावर थांबून गोठ्याकडं बघत ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "तर दुसरी म्हस बघाय पायजे. ही आता आटत आलीय. पैलवानाला हिचं दूध कुठलं पुरायला?"